आपा, ‘कव्वाम’साठी तुमचे आभार

आदरणीय आपा,

सलाम. तुमचं नाव कुठेही छापायचं नाही असं तुम्ही दोनदा बजावलंत, म्हणून ते इथेही लिहीत नाही. पण पत्र मात्र सगळ्यांसमोर लिहितेय. इस्लामचे अभ्यासक आणि बोहरा सुधारक असगर अली इंजिनिअर यांच्या निवडक लेखांचा माझा मराठी अनुवाद मागच्या आठवड्यात पुरा झाला आणि त्यात तुमचे कष्ट किती आहेत हे फक्त तुम्हाला आणि मला माहीत असावं, हे मला पटत नाही.

सुरुवातीला हे काम मी जवळजवळ सोडलंच होतं. इंजिनिअर लिहायचे ते इंग्रजी साधं, सरळ; त्याची अडचण नव्हती. अडायचं ते त्यातल्या अरबी शब्दांपाशी. बोहरा या शिया मुस्लिम समाजातल्या बहिष्कारावरच्या लेखात पहिल्याच पानावर ‘बरात’ आलं आणि मी गोंधळले. बहिष्काराच्या गोष्टीत लग्नाची वरात कुठून आली? कुणीतरी तुमचा नंबर दिला. भिवंडीच्या उर्दू शाळेत आयुष्यभर शिकवलेल्या बाई आहेत, विचारून बघ म्हणाले. तुम्ही फोनवर हसला नाहीत. सावकाश सांगितलंत, ‘बराअत’, म्हणजे संबंध तोडून टाकल्याचं जाहीर करणं. कुरआनातल्या सूरा तौबाचं, म्हणजे त्या अध्यायाचं, दुसरं नावही हेच. मग म्हणालात, “बेटा, फोनवर नाही होणार हे. रविवारी ये.”

त्या रविवारपासून जवळजवळ तीन वर्षं मी ठाण्याहून एसटीनं येत राहिले. खाली लूमची खटखट, वर तुमची खोली, खिडकीशी लाकडी मेज. त्या खटखटीच्या वर आवाज चढवून बोलायची तुमची सवय इतकी जुनी की सुट्टीच्या दिवशी लूम बंद असले तरी तुम्ही तसंच मोठ्यानं बोलायचात.

शब्द तर तुम्ही सोडवलेतच, पण माझ्यावर मोठा उपकार तुम्ही केलात तो प्रस्तावनेच्या पहिल्या मसुद्यावर. मी मोठ्या उत्साहानं लिहिलं होतं की इंजिनिअर हे धर्माविरुद्ध उभे राहिलेले बंडखोर. मला वाटलं, मराठी वाचकाला मुस्लिम समाजसुधारक हमीद दलवाई माहीत आहेत, तोंडी तलाकविरुद्ध १९६६ साली त्यांनी काढलेला सात बायकांचा मोर्चा माहीत आहे, तर त्याच ओळीत यांना बसवलं की झालं. तुम्ही कागद शेवटपर्यंत वाचलात, चष्मा काढलात आणि म्हणालात, “इसका ईमान मत निकाल, बेटा. दलवाईसाहेबांची वाट वेगळी, याची वेगळी. हा माणूस घर सोडून गेला नाही. घरातच उभा राहून भांडला.”

मग त्यांचं आयुष्य तुम्ही मला पुन्हा वाचायला लावलंत. १० मार्च १९३९ ला राजस्थानातल्या सलुंबरमध्ये जन्म. वडील बोहरा समाजाचे आमिल, म्हणजे त्या गावचे धर्मगुरूच. त्यांनीच मुलाला अरबी शिकवली. तफसीर म्हणजे कुरआनचं विवेचन, फिक्ह म्हणजे धर्मकायदा, हदीस म्हणजे पैगंबरांची वचनं, हे सगळं शिकवलं. पुढे उज्जैनच्या विक्रम विद्यापीठातून सिव्हिल इंजिनिअरिंग, मुंबई महापालिकेत सुमारे वीस वर्षं नोकरी. हे सगळं मला आधीही ठाऊक होतं, पण मी ते एका परिच्छेदात उरकलं होतं. तुम्ही ‘आमिल’ या शब्दावर बोट ठेवून विचारलंत, “ज्याच्या बापानं हे शिकवलं, त्याला समाजानं बाहेर काढल्यावर काय वाटलं असेल, ते तुझ्या पानात कुठे आहे?” खरंच नव्हतं. बोहरा धर्मगुरूंच्या सत्तेला आव्हान देणाऱ्या उदयपूरच्या सुधारकांच्या बाजूनं ते उभे राहिले, १९७७ मध्ये दाऊदी बोहरा सुधारकांच्या सेंट्रल बोर्डाचे सरचिटणीस झाले, आणि पुढचं सगळं आयुष्य त्याची किंमत मोजत जगले. बराअत म्हणजे नातेवाइकांनी दार बंद करणं, लग्नाचं बोलावणं न येणं, मेल्यावर समाजाच्या कब्रस्तानात जागा नाकारली जाणं. मुंबई प्रांतानं १९४९ मध्ये अशा बहिष्काराविरुद्ध कायदा केला होता. सर्वोच्च न्यायालयानं तो १९६२ मध्ये रद्द ठरवला. त्या निकालाचा फेरविचार २०२३ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपवला गेला. इंजिनिअरांवर अनेकदा हल्ले झाले, २००० मध्ये मुंबईत घर आणि कार्यालय फोडलं गेलं. तरी त्यांनी स्वतःला कधी धर्माबाहेरचा म्हटलं नाही. आत्मचरित्राच्या नावातसुद्धा त्यांनी श्रद्धेलाच जागा दिली. तुम्ही थांबवलं नसतं, तर मराठीत मी त्यांना दुसऱ्यांदा समाजाबाहेर काढलं असतं.

आता ‘कव्वाम’बद्दल. सूरा निसाची चौतिसावी आयत. इंजिनिअरांच्या स्त्रीहक्कांवरच्या लेखांचा अर्धा भार या एका शब्दावर आहे. मी ‘पालनकर्ता’ लिहून पुढे गेले होते. तुम्ही कपाटातून कुरआनचे उर्दू तर्जुमे, म्हणजे भाषांतरं, काढून मेजावर शेजारी शेजारी उघडलेत. पानं मिटू नयेत म्हणून एकावर अडकित्ता, एकावर चष्म्याची डबी. एका तर्जुम्यात ‘मर्द हाकिम हैं औरतों पर’, दुसऱ्यात ‘अफसर’, तिसऱ्यानं ‘कव्वाम’ तसाच ठेवलेला. माझ्याकडच्या इंग्रजी पानावर संरक्षक आणि पोषण करणारा. तुमचं बोट उजवीकडून डावीकडे सरकत होतं आणि मी चारही अर्थ वहीत उतरवत होते. चार मोठे आलिम, म्हणजे धर्मपंडित, आणि एकाच शब्दातून चार वेगळे नवरे बाहेर पडत होते! मग तुम्ही मूळ धातू सांगितलात, उभं राहणं. कव्वाम म्हणजे जो पाठीशी उभा राहतो, भार घेतो.

तेव्हा कुठे मला इंजिनिअरांचा मुद्दा उमगला. ते म्हणतात, ही आयत पुरुष कव्वाम आहेत असं सांगते, असावेत असा हुकूम देत नाही. आणि कारणही तिथेच देते की ते आपल्या मालातून खर्च करतात. म्हणजे हे त्या काळच्या समाजाचं वर्णन. बाई कमावती झाली की परिस्थिती बदलते. पण न्यायाचं, बरोबरीचं जे सांगितलंय ते काळानं बदलत नाही. अदल (न्याय), एहसान (भलाई), रहमत (करुणा), हिकमत (शहाणपण) या चार मूल्यांकडे ते पुन्हा पुन्हा येतात आणि प्रत्येक नियम त्यांच्यावर घासून बघतात. शाहबानो प्रकरणातही त्यांनी हेच केलं. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं इंदूरच्या त्या वृद्ध बाईची महिना १७९ रुपये २० पैशांची पोटगी कायम केली तेव्हा देशभर मोर्चे निघाले, आणि इंजिनिअर कुरआनमधलीच तलाक दिलेल्या बाईला ‘मताअ’ देण्याची आयत दाखवत निकालाच्या बाजूनं उभे राहिले. ‘मताअ’ला मी आधी ‘भेट’ लिहिलं होतं. तुम्ही ते खोडून ‘निर्वाहाची तरतूद’ लिहायला लावलंत. भेट मर्जीवर असते, म्हणालात.

आणि हे सगळं करताना तुम्ही त्यांच्याशी सहमत नव्हतात! हे मला फार उशिरा कळलं. हदीसला हा माणूस फार लवकर बाजूला ठेवतो, अशी तुमची तक्रार. शरीयत ही फकीहांनी, म्हणजे धर्मकायद्याच्या पंडितांनी, आपापल्या काळात रचलेली आहे, हे त्यांचं म्हणणं तुम्हाला अर्धंच मान्य. एकदा तर तुम्ही इतक्या चिडलात की वही मिटून आत निघून गेलात. मला वाटलं, संपलं. पाच मिनिटांनी बाहेर येऊन म्हणालात, “लिही. त्यानं जे म्हटलंय तेच लिही. मला पटो न पटो.” अनुवाद कसा करावा यावर मी बरंच ऐकलंय, वाचलंय. त्या वाक्याइतकं उपयोगी मला काही मिळालेलं नाही.

दंगलींवरचे लेख आले तेव्हा मात्र तुम्ही वाद घातला नाहीत. १९६१ च्या जबलपूरच्या दंगलीनं ते विद्यार्थीदशेतच हादरले होते. नंतर मुरादाबाद, बिहारशरीफ, १९८४ ची तुमची भिवंडी, अशा एकेका शहरात जाऊन, माणसांशी बोलून त्यांनी लिहिलं. दंगल धर्मग्रंथातून उठत नाही. सत्ता, धंदा, जागा यांच्या भांडणातून ती उठवली जाते, हे ते पुराव्यानिशी मांडत राहिले. ते प्रकरण मी वाचून दाखवत होते आणि तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात. बऱ्याच वेळानं एवढंच म्हणालात की त्या मे महिन्यात शाळेला सुट्टी होती, म्हणून पोरी घरी होत्या. पुढे काही बोलला नाहीत, मीही विचारलं नाही. परत निघताना १९८८ नंतरच्या मोहल्ला कमिट्यांचा विषय काढलात. पोलीस अधिकारी सुरेश खोपडे साहेबांनी दोन्ही बाजूंची माणसं एका सतरंजीवर बसवली आणि १९९२-९३ ला मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली, हे सांगताना तुमचा आवाज पुन्हा पहिल्यासारखा मोठा झाला होता.

इंजिनिअर १४ मे २०१३ रोजी गेले. १९९३ मध्ये त्यांनी मुंबईत उभं केलेलं समाज आणि धर्मनिरपेक्षता अभ्यास केंद्र आजही काम करतंय. त्यांचं हे मराठी रूप किती जणांपर्यंत पोचेल, मी सांगू शकत नाही. पण जे पोचेल ते खोटं नसेल, एवढं तुमच्यामुळे खात्रीनं म्हणू शकते.

एक राहिलंय. ‘कव्वाम’ला शेवटी मी मजकुरात तसाच ठेवलाय आणि तळटीपेत तुमचा अर्थ आणि त्यांचा अर्थ, दोन्ही दिलेत. ‘पाठीशी उभा राहणारा’ हे शब्द तुमचेच आहेत. छपाईला जाण्याआधी ती टीप तुमच्या डोळ्यांखालून जायला हवी. प्रूफं मोठ्या टाइपात काढून घेतलीत. येत्या रविवारी नेहमीच्या एसटीनं येते.

तुमची,
रविवारची विद्यार्थिनी