सेन्सर लावले, पुढे काय?

महोदय,

पुलांना सेन्सर लावले की दुर्घटना टळतील, असा सूर असलेले एका वाचकाचे पत्र आपल्या अंकात वाचले. मी सिव्हिल इंजिनीअर. चौदा वर्षे साइटवर काढून आता पुलांच्या डिजिटल देखरेखीवरच पीएच.डी. करते आहे. म्हणजे या पत्राचा आनंद सर्वांत आधी मला व्हायला हवा होता. झाला नाही.

पुलाच्या थरथरीवरून त्याची कंप्रता, म्हणजे सेकंदाला तो किती वेळा थरथरतो, हे काढतात. ताठपणा घटला की कंप्रता उतरते. पहिल्याच वर्षी एका दुपारी ती दोन टक्क्यांनी उतरली, म्हणजे हिशेबाने ताठपणा चार टक्के गेला. घाबरून मी सरांना फोन केला. ‘संध्याकाळपर्यंत थांब,’ ते म्हणाले. ऊन उतरले तशी कंप्रता जागेवर आली. वरचे डांबर तापून मऊ पडले होते, इतकेच! स्वित्झर्लंडचा झेड-२४ पूल १९९८ मध्ये पाडण्याआधी जवळपास वर्षभर मोजला होता. तिथे पारा शून्याखाली गेला की डांबर कडक होऊन कंप्रता चढायची. हा ऋतूंचा खेळ वजा केल्याशिवाय खरी इजा ओळखता येत नाही.

याच्या उलटही घडते. मागच्या महिन्यात एका बेअरिंगचा (खांबावरचा आधार, ज्यावर गाळा मागेपुढे सरकतो) आलेख आठ दिवस सरळ रेषेत होता आणि स्क्रीनवर हिरवा दिवा. तीस मीटरचा काँक्रीटचा गाळा, म्हणजे दोन खांबांमधला पुलाचा भाग, दहा अंशांनी तापला तर तीनेक मिलिमीटर लांबायलाच हवा. खाली उतरून बॅटरी मारली, तर बेअरिंगभोवती माती आणि खडी दगडासारखी बसलेली. गाळ्याला सरकायला जागाच नव्हती. सॉफ्टवेअरला फक्त ‘जास्त हालला तर सांग’ एवढेच शिकवलेले. अजिबात हाललाच नाही तर काय, हे कोणी विचारलेच नव्हते. (त्यात मीही आले.)

अमेरिकेत मिनियापोलिसचा पूल १ ऑगस्ट २००७ रोजी कोसळून १३ जण गेले. सांध्यांच्या गसेट प्लेट (तुळया एकमेकींना जोडणारे पोलादी पत्रे) मूळ डिझाइनमध्येच हव्या त्याच्या निम्म्या जाडीच्या होत्या. त्या वाकल्याचे २००३ च्या फोटोंत दिसत होते. तपासणी झाली, फोटो निघाले. वाकलेल्या प्लेटचा अर्थ मात्र कोणी लावला नाही. त्याच जागी वर्षभरात उभ्या राहिलेल्या नव्या पुलात तीनशेहून अधिक सेन्सर आहेत. चांगलेच आहे. पण ते आलेखही कोणीतरी वाचावे लागतातच.

म्हणून निविदेत सेन्सर किती, याच्याआधी दोन गोष्टी लिहाव्यात: आलेख रोज कोण बघणार, आणि गजर झाला तर वाहतूक थांबवण्याचा अधिकार कोणाचा. त्या बेअरिंगबद्दल फोटोंसह संबंधितांना कळवून सतरा दिवस झाले. आज सकाळीही आलेख सरळच आहे.

— एक संशोधक अभियंता