भोपाळचा कारखाना पाडू नका

महोदय,

युनियन कार्बाइडचा ३३७ टन विषारी कचरा २०२५ मध्ये इंदूरजवळच्या पीथमपूरला जाळला गेला. पण आवारातली माती आणि आसपासचे भूजल अजून दूषितच आहे. ते आधी स्वच्छ करा, मात्र गंजलेला कारखाना जमीनदोस्त करू नका. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री जिच्यातून वायू सुटला, ती ६१० क्रमांकाची टाकी तिथेच पडून आहे. तिच्यातले विषारी रसायन थंड ठेवणारी शीतकरण यंत्रणा त्याआधी महिनोन्‌महिने बंद होती. हे पुस्तकात वाचून विसरले जाते, टाकीसमोर उभे राहिल्यावर मात्र राग येतो, आणि तो यायलाच हवा. हिरोशिमाने आपला उद्ध्वस्त घुमट जपला. इथले स्मारक कसे असावे, हे वायुपीडितांनाच ठरवू द्यावे.

– एक वाचक, पुणे