रविवारच्या सरावाची वेळ बदलली आहे

मंडळी, पारा ४४ ला टेकलाय. म्हणून ट्रायथलॉनच्या (पोहणं, सायकल, धावणं अशी सलग शर्यत) सरावासाठी येत्या रविवारी सायकली पहाटे साडेचारलाच निघतील, धुळ्यात नेहमीच्या टपरीपासून. हेल्मेट आणि मागचा लाल दिवा नसेल त्याला लळिंग घाटात नेणार नाही. वाद घालू नये.

४० किलोमीटर झाले की लगेच बूट बदलून ५ किलोमीटर धावायचं. सायकलवरून उतरल्यावर पाय लाकडासारखे होतात, ते शर्यतीत पहिल्यांदा कळायला नको.

बाटल्या दोन आणा. एकीत साधं पाणी, दुसरीत लिंबू-मीठ-साखर: लिटरला सहा छोटे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. गेल्या मे महिन्यात मी नुसतं पाणी ढोसत राहिलो. बनियनवर मिठाचे पांढरे नकाशे उमटले तरी अक्कल आली नाही. परतताना डोळ्यांपुढे काजवे, आणि तासभर लिंबाखाली आडवा. केळी मी आणतो, रावेरची.

पोहणं बुधवारी, तरणतलावातच. नकाणे तलावात एकट्यादुकट्याने उतरू नका. १५०० मीटर म्हणजे २५ मीटरच्या साठ लांब्या. मोजायला कोणीतरी काठावर थांबा, मी दरवेळी चाळिशीनंतर चुकतो.

येणाऱ्यांनी शनिवारी संध्याकाळी ७ पर्यंत कळवावं.