गसेटचं वजन

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

लोखंडी प्लेट कापायच्या प्लाझ्मा कटिंग मशिनच्या कर्जासाठी बँकेने आपल्या फर्मची माहिती मागितली आहे, पानभर. 'स्थापना 1986, शिरोली एमआयडीसी' लिहिलं, मालक म्हणून बाबांचं नाव घातलं आणि तिथेच अडले. म्हणून माळ्यावरचा पत्र्याचा डबा काढला.

बाबा, तुमची कामं मला तोंडपाठ आहेत. पहिली शेड गुऱ्हाळाची. शेडच्या कोब्यावर तुम्ही खडूने छपराची अख्खी लोखंडी कैची खऱ्या मापात काढायचा, दोरी ताणून, गुण्या लावून. त्या रेघांवर पहिली कैची वेल्डिंगचे कच्चे टाके मारून जुळवायची आणि पुढच्या सगळ्या तिच्यावर बेतायच्या. शाळेतून आले की त्या रेघांवर पाय द्यायची मला बंदी होती.

पण डब्यातल्या वह्यांत तुमचं अक्षर कुठेच नाही. सगळं आईचं. '50×50×6 अँगल, मीटरला 4.5 किलो.' '6 मिमी प्लेट, चौरस मीटरला 47.1.' शेजारी दुधाचा हिशेब. आपली मजुरी किलोवर, म्हणजे वजन चुकलं की महिनाभराचा घाम फुकट, आणि ते वजन भाकऱ्या झाल्यावर आई मांडायची. 1992 च्या जानेवारीत सरकारने पोलादाच्या भावावरचं नियंत्रण उठवलं. त्यानंतरच्या पानांवर दर पेन्सिलीने लिहिलेत. खोडायला सोपं, होय ना गं?

इचलकरंजीच्या त्या यंत्रमागवाल्याच्या शेडचं पानही सापडलं. बिलात वजन फुगवलंय म्हणून त्याने पैसे अडवले होते. बाबा, तुम्ही रागाने निम्म्यावर मिटवायला निघालेलात. आईने कैचीच्या सांध्यांवरच्या गसेट प्लेटा आणि जोडाचे छोटे क्लीट एकेक मोजून यादी केली, त्यात बिलात धरायच्या राहिलेल्या बारा गसेट निघाल्या. म्हणजे उलट त्याच्याकडूनच येणं होतं! घरात ही गोष्ट नेहमी 'बाबांनी त्याला गप्प केलं' अशीच सांगितली गेली. मीही तशीच सांगत आले.

आता वजन सॉफ्टवेअर काढतं. तरी परवा एका कैचीचं मी आईच्या पद्धतीने काढून पाहिलं. दोन किलोंचा फरक आला. चूक माझी होती, कैचीखालच्या बेसप्लेटची जाडी सॉफ्टवेअरमध्ये मीच चुकीची भरली होती.

तर ठरवलंय असं. नाहीतरी फर्म पार्टनरशिपमध्ये घ्यायचीच आहे. डीडमध्ये तिघांची नावं असतील, आईचं पहिलं. बाबा, तुम्ही रुसणार नाही हे मला माहीत आहे. थोडे रुसलात तरी चालेल.

आई, तुझं पॅनकार्ड आणि दोन फोटो काढून ठेव. खंडेनवमीला सकाळी गाडी पाठवते. मशिनची पूजा तुम्हीच करायची. बाबांच्या गुडघ्यासाठी ऑफिस खाली आणलंय, जिना नाही. येताना नवा चष्मा आण, जुना नको. सह्या बऱ्याच आहेत.

तुमची,
ताई