रविवार मोकळा करायचा तर

श्टुटगार्ट, रविवार

प्रिय ताईस,
सा. न.

रविवार मोकळा कसा करायचा ते सविस्तर लिही, असं तू म्हणाली होतीस.

जर्मनीतला रविवार निवांत असतो तो इथले लोक फार शहाणे म्हणून नव्हे, दुकानं बंद म्हणून. १९१९ च्या वायमार राज्यघटनेने रविवार विश्रांतीसाठी राखला आणि १९४९ च्या राज्यघटनेत ते कलम तसंच घेतलं. किराणा, कपडे, हार्डवेअर, सगळं बंद. पेट्रोल पंप, मोठ्या स्टेशनांतली दुकानं आणि काही तास बेकऱ्या, असं थोडंच उघडं. भिंतीत ड्रिल मारायचं नाही, गवत कापायचं यंत्र चालवायचं नाही. काचेच्या रिकाम्या बाटल्याही रस्त्यावरच्या टाकीत टाकायच्या नाहीत, खळखळाट होतो म्हणून!

ठाण्यात यातलं काहीच बंद नसतं, कोथिंबीरसुद्धा दहा मिनिटांत दारात येते. तेव्हा दुकान तुलाच बंद करावं लागेल. फ्रिजवर यादी लाव आणि ती शनिवारी संध्याकाळी सातला बंद कर. त्यानंतर आठवलेलं सोमवारी. पहिले दोन-तीन रविवार काहीतरी राहीलच. लिंबू नसेल तर आमसूल घाल, पण खाली उतरू नकोस. लिंबासाठी उतरलं की भाजी, मग इस्त्रीवाला, मग एटीएम, असा तास जातो.

सगळ्यांचं गाडं अडतं ते शनिवारी. रविवारची कामं उचलून शनिवारवर टाकली की शनिवारचा पार चुथडा होतो. इथेही शनिवारी दुपारी दुकानांत हीच गर्दी, सोमवारी सुट्टी असली तर विचारूच नकोस. म्हणून किराणा गुरुवारी, मशीन शुक्रवारी रात्री, इस्त्रीचे कपडे शनिवारी सकाळी.

स्वयंपाकाचं गणित उलटं मोजायचं. रविवारी उसळ हवी तर दोन वाट्या मटकी शुक्रवारी रात्री भिजत घाल, शनिवारी सकाळी उपसून फडक्यात बांध. संध्याकाळी मोड दिसले की फ्रिजमध्ये. उकाड्यात रात्रभर बाहेर राहिली तर बुळबुळीत होते. इडलीला चार वाट्या उकडा तांदूळ, एक वाटी उडीद, अर्धा चमचा मेथ्या. जानेवारीत दुपारी चारलाच वाट, आंबायला बारा तास लागतात. मे महिन्यात रात्री नऊच्या आधी वाटू नकोस, सकाळी नुसतं आंबट. कणीक मात्र आदल्या दिवशी मळू नये, काळी पडते.

कामाच्या मावशींनाही रविवारी सुट्टी दे. आपला रविवार निवांत आणि सोमवारी त्यांच्यापुढे दोन दिवसांचा भांड्यांचा ढीग, असं व्हायला नको. म्हणून मुगाची खिचडी, ताक, पापड. दोन भांडी आणि ताटल्या. ज्याने त्याने आपली ताटली विसळायची, भाऊजींनीसुद्धा.

फोन बंद करायला सांगत नाही, आई-बाबांचा फोन येतो. शाळेचा आणि सोसायटीचा ग्रुप म्यूट कर आणि संध्याकाळी सहाला एकदाच उघड. शाळेचा निरोप रात्री नऊला येतो आणि चार्टपेपर मागतो, हे ठरलेलंच. म्हणून दोन पांढरे आणि एक रंगीत कागद घरात कायम ठेव.

बाबा आले तर त्यांना चारच्या चहाबरोबर काहीतरी लागतं. चिवडा गुरुवारच्या यादीतच लिहून टाक.

तुझी,
धाकटी