तीन प्रजाती नव्हेत, एकच फुलपाखरू

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या गेल्या रविवारच्या पुरवणीत गोव्यातील सत्तरी तालुक्यातील फुलपाखरांवर आलेला सचित्र लेख आवडीने वाचला. गावच्या परसातील जीवांना आपण पानभर जागा दिलीत याचा आनंद आहे, आणि म्हणूनच त्यातील तीन विधानांकडे लक्ष वेधणे मला आवश्यक वाटते. लेखाच्या शेवटी शेजारी शेजारी छापलेल्या तीन छायाचित्रांखाली ‘कढीपत्त्यावर वाढणाऱ्या तीन प्रजाती’ अशी ओळ आहे. त्या तीन प्रजाती नाहीत. ते एकच फुलपाखरू आहे, कॉमन मॉर्मन. पहिल्या चित्रात नर आणि उरलेल्या दोन्हींत त्याच्या दोन वेगवेगळ्या रूपांच्या माद्या.

ही चूक कोणाकडूनही व्हावी अशीच आहे. वर्गीकरणशास्त्राचा पाया घालणाऱ्या लिनियसकडूनही ती झाली होती. त्याने १७५८ साली याच फुलपाखराला पॉलिटीस आणि पम्मॉन अशी दोन नावे देऊन दोन प्रजाती मानल्या. मलाय द्वीपसमूहातून परतलेले निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी १८६५ साली दाखवून दिले, की माद्यांची ही रूपे दिसायला कितीही निराळी असली तरी ती एकाच प्रजातीची आहेत. या माद्या तीन रूपांत आढळतात. एक नरासारखीच काळी, मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची आडवी ओळ असलेली. दुसरी कॉमन रोझ या निराळ्या फुलपाखराची हुबेहूब नक्कल. तिसरी क्रिमझन रोझची. तिन्ही रूपे गोव्यात दिसतात. रोझ गटातील फुलपाखरांच्या अळ्या ईश्वरीच्या वेलीवर वाढतात आणि त्या वेलीतील विष अंगात साठवतात, त्यामुळे एकदा तोंड पोळलेला पक्षी पुन्हा त्यांच्या वाटेला जात नाही. मॉर्मनच्या अंगात असे विष नसते. ओळखण्याची खूण सोपी आहे: क्रिमझन रोझचे डोके आणि पोट लालभडक असते, तर तिची नक्कल करणाऱ्या मॉर्मन मादीचे अंग काळेच राहते. आपल्या तिसऱ्या छायाचित्रातील अंग काळे आहे.

मी सांगतो ते केवळ पुस्तकातले नाही. काही वर्षांपूर्वी माझ्या परसातील कढीपत्त्याच्या कोवळ्या पानांवर एक मादी अंडी घालताना दिसली. मोहरीएवढी, फिकट पिवळी ती अंडी पानांसकट आणून मी काचेच्या बरणीत ठेवली आणि तोंडाला मलमलीचे फडके बांधले. अळ्या पहिले काही दिवस पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात आणि नंतर पानासारख्या हिरव्या होतात. कोशांतून जे बाहेर आले त्यात नर सगळे एकसारखे होते. माद्या मात्र दोन प्रकारच्या निघाल्या, काही नरासारख्या ठिपक्यांच्या ओळीच्या, तर काही लाल चट्ट्यांच्या. आई एकच, झाडही एकच. मी पंचवीस वर्षे जीवशास्त्र शिकवले. पण अनुवंशिकता म्हणजे काय ते त्या सकाळी बरणीसमोर बसून मला जसे उमगले, तसे फळ्यावर कधी उमगले नव्हते.

यामागचे कारण गेल्या दशकात पुष्कळसे स्पष्ट झाले आहे. आपल्याच देशातील संशोधक कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिले, की ही रूपे ठरवण्याचे काम मुख्यत्वे ‘डबलसेक्स’ नावाचे एकच जनुक करते. तोपर्यंत असा समज होता, की पंखांचा रंग, ठिपके, शेपटीचा आकार यांसाठी वेगवेगळी जनुके असतात आणि ती एकमेकांना चिकटून एका गठ्ठ्याने पुढच्या पिढीत जातात. हे डबलसेक्स जनुक मुळात कीटकांत नर-मादी भेद घडवणारे आहे, आणि नक्कल फक्त माद्यांतच का दिसते याचा धागा तिथेच सापडतो. नकली रूपाच्या मादीत गुणसूत्राचा हा तुकडा उलटा बसलेला असतो. त्यामुळे दोन प्रकारच्या तुकड्यांची सरमिसळ होत नाही आणि धड ना इकडचे, धड ना तिकडचे असे अर्धवट रूप सहसा निघत नाही.

दुसरे, लेखात ‘पक्ष्यांना फसवण्यासाठी फुलपाखराने हे रूप धारण केले’ असे म्हटले आहे. फुलपाखरू काहीही ठरवून धारण करीत नाही. योगायोगाने थोड्याशा रोझसारख्या दिसणाऱ्या माद्या पक्ष्यांच्या चोचीतून थोड्या अधिक वाचल्या, त्यांची अंडी अधिक झाली, आणि हे असंख्य पिढ्या चालत राहिले, एवढीच ती गोष्ट आहे. नकली माद्यांची संख्या फार वाढली, तर ‘हे खाण्याजोगे आहे’ हे पक्षी पुन्हा शिकतात आणि नकलेचा लाभ घटतो. नरासारखी साधी मादी आजवर टिकून राहिली, त्यामागे हेही एक कारण मानले जाते.

आता तिसरे विधान: ‘डोंगर वा समुद्र आडवा आल्याशिवाय नवी प्रजाती निर्माण होत नाही.’ बहुतेक वेळा घडते ते असेच, यात वाद नाही. आपला ब्लू मॉर्मन दक्षिण भारत आणि श्रीलंकेत आहे आणि त्याचा जवळचा नातेवाईक ग्रेट मॉर्मन ईशान्य भारतापासून पुढे पूर्वेकडे. मधल्या अंतराने दोघांच्या वाटा वेगळ्या केल्या असाव्यात. परंतु ‘आल्याशिवाय होतच नाही’ हे खरे नाही, आणि फुलपाखरांनीच ते खोटे ठरवले आहे. दक्षिण अमेरिकेतील हेलिकोनियस गटात हेउरिप्पा नावाची प्रजाती आहे. तिच्या पंखांवरची नक्षी शेजारच्या दोन प्रजातींच्या नक्षीची बेरीज वाटते. संशोधकांनी त्या दोन प्रजातींचा प्रयोगशाळेत संकर केला, तेव्हा अवघ्या काही पिढ्यांत हेउरिप्पासारखी नक्षी मिळाली. २००६ साली ते प्रसिद्ध झाले. याच गटातील इलेव्हॅटस या प्रजातीबद्दल २०२४ साली कळले, की तीही सुमारे १,८०,००० वर्षांपूर्वीच्या संकरातून निघाली. तिच्या जनुकसंचातला जेमतेम एक टक्का भाग एका पूर्वज प्रजातीकडून आला आहे, पण पंखांची नक्षी आणि जोडीदाराची निवड यांच्याशी निगडित गोष्टी त्या एका टक्क्यातच आहेत. अ‍ॅमेझॉनच्या जंगलात ती आपल्या दुसऱ्या पूर्वज प्रजातीच्या शेजारीच राहते. मध्ये ना डोंगर, ना समुद्र.

मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते असे. कॉमन मॉर्मनच्या माद्यांत पंखांचा एवढा फरक असूनही नवी प्रजाती झाली नाही, कारण नर तिन्ही रूपांच्या माद्यांशी जुगतात आणि जनुके एकाच प्रवाहात राहतात. हेलिकोनियसमध्ये नर पंखांची नक्षी पाहूनच जोडीदार निवडतो. तेथे नक्षी बदलली की सोयरीकच तुटते, आणि पक्ष्यांना सावध करणारी पंखांवरची खूण हीच प्रजातींमधली भिंत बनते. तेव्हा दोन जीव वेगळे दिसतात की नाही, यावरून प्रजाती ठरत नाही. ते एकमेकांत मिसळतात का आणि त्यांची संतती पुढे चालते का, हे पाहावे लागते.

एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला आहे. पूर्वीच्या ‘अनुवंशिकता आणि उत्क्रांती’ या प्रकरणात आता अनुवंशिकताच उरली आहे. जो विद्यार्थी अकरावीला विज्ञान शाखेत जीवशास्त्र घेणार नाही, त्याच्या वाचनात हा विषय कदाचित वृत्तपत्रातूनच येईल. म्हणून पुरवणीतील चित्राखालची ओळसुद्धा मला क्षुल्लक वाटत नाही. चतुर्थीला माटोळीसाठी, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या आराशीसाठी, तोरिंगे (लिंबाच्या जातीची मोठी फळे) काढायला मुले झाडाखाली जातात. तेव्हा लिंबाच्या किंवा तोरिंगाच्या कोवळ्या पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखे काही दिसले, तर ते झटकू नये, फांदीसकट बरणीत ठेवावे, रोज ताजे पान द्यावे आणि निघणाऱ्या माद्या मोजाव्यात.

पुढच्या रविवारी दुरुस्ती छापावी, ही विनंती. दुसऱ्या आणि तिसऱ्या छायाचित्राखाली ‘कॉमन मॉर्मन, मादी’ एवढे तीन शब्द पुरतील.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, वाळपई