कढीपत्त्यावरच्या अळ्या

पुणे, १४ ऑक्टोबर

प्रिय मन्या,

फोन करतो करतो म्हणत राहूनच जातंय, म्हणून आज बसून लिहितोच. सोसायटीमागच्या बागेचं काय झालं विचारलं होतंस ना? अरे, आज सकाळी तिथे नीलवंत आला होता! २०१५ ला आपलं राज्य फुलपाखरू झालं ते, ब्लू मॉरमॉन. चांगलं तळहाताएवढं, काळंभोर, त्यावर निळं. दोन मिनिटं पेंटासच्या फुलांवर होतं, मी हातात पाईप धरून तसाच उभा आणि पाणी सगळं चपलांवर चाललंय.

पहिल्या वर्षी आम्ही नुसती फुलंच लावली होती, फुलपाखरं यायची, रस प्यायची, निघून जायची. मग लक्षात आलं की रस त्यांना कुठेही मिळतो, अंडी घालायला मात्र ठरावीकच झाडं लागतात कारण अळी भलतं पान खातच नाही. म्हणून कढीपत्ता, लिंबू, सीताफळ, बहावा लावला आणि कुंपणाजवळ आपोआप उगवलेली रुई कुणाला उपटू दिली नाही. रुईच्या चिकातलं विष प्लेन टायगरची अळी अंगात साठवते आणि ते पुढे फुलपाखरातही राहतं, म्हणून पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत.

पण जुलैत फार वाईट झालं रे. कढीपत्त्यावर लाइम बटरफ्लायच्या अकरा अळ्या होत्या, मी रोज मोजायचो. लहान असताना अगदी पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात, मग हिरव्यागार होतात, आणि डिवचलं की डोक्यामागून केशरी शिंगं काढून उग्र वास सोडतात. कुणीतरी झाडाला कीड लागली म्हणून फवारणी करून घेतली, मला न विचारता. संध्याकाळी जाऊन बघतो तर सगळ्या खाली पडलेल्या. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

भांडलो नाही. ऑगस्टमध्ये परत अंडी दिसली तेव्हा सोसायटीतल्या पोरांना बोलावून दाखवली. पोरं रोज शाळेतून आली की आधी तिकडेच, त्यांच्यामागे आया, आज्या. एका रविवारी सकाळी कोष फुटला, चुरगळलेले ओले पंख घेऊन ते बाहेर आलं आणि हळूहळू पंख ताणत गेलं, वीसेक माणसं गप्प उभी होती बघत! आता मीटिंगमध्ये ठरलंय की बागेत फवारणी नाही. एक कढीपत्ता फोडणीला, बाकी तीन अळ्यांना.

आणि वांगी पण लावलीत. वांग्याचे पराग टोकाच्या बारीक भोकातूनच बाहेर पडतात, त्यासाठी भुंगा फुलाला घट्ट धरून अंग थरथरवतो. त्या वेळी त्याचा आवाज बदलतो, जवळ उभं राहून ऐक एकदा. आपल्या सातेरी मधमाशीला हे जमत नाही.

आता तुझ्याकडे एक काम. चिपळूणला तुमच्या घरामागे माकडलिंबू आहे ना, नीलवंताची अळी त्यावर वाढते. दिवाळीला येताना एखादं छोटं रोप मुळावरच्या मातीसकट आण, ओल्या गोणपाटात बांधून. रात्रीच्या एसटीने ये, सकाळी ऊन चढलं की पहिलं बागेतच नेतो तुला. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
पक्या